एकाच माणसाच्या दोन नळ्या

दोन हजारचं दशक अर्ध्यावर आलं होतं. त्यातल्या एका फेब्रुवारीत, नागपूरच्या एका प्रयोगशाळेत, जानकी नावाच्या बाईच्या रक्तात पुरुषाच्या जनुकाचा संदेश सापडला. रक्ताची नळी अहेरीहून आली होती. नळीवर जानकीचं नाव होतं. रक्त तिचं नव्हतं.

गोष्ट फेब्रुवारीची असली तरी ती मला आठवते हलका, लवकर पिकणारा धान निसवतो तेव्हा. यंदाही तसंच झालं. नागभीड मागे टाकून गाडी गडचिरोलीच्या रस्त्याला लागली, काच खाली केली आणि धानाच्या बांध्यांमधून तो वास आत आला. लोंबी पोटरीतून बाहेर पडते तेव्हाचा, ओलसर, जरासा दुधाळ. या दिवसांत झाडीपट्टीतलं शेत जितकं देखणं दिसतं तितकं वर्षभरात कधी दिसत नाही. आणि याच दिवसांत अहेरीच्या बाजूला ताप येतो.

त्या काळी ताप आला हे घरांच्या भिंतींवरून कळायचं. फवारणीवाले येऊन गेले की मातीच्या भिंतींवर पांढरे ओघळ उमटायचे आणि दोन पावसांत धुऊन जायचे. संध्याकाळी दारासमोर कडुनिंबाचा ओला पाला जळायचा. धुराने डोळे माणसांचे चुरचुरायचे, डास मात्र आपले तिथेच. दवाखान्याच्या व्हरांड्यात भर दुपारी, बाहेर ऊन तापलेलं असताना, घोंगडीत गुंडाळलेली माणसं दात वाजवत बसलेली असायची. गोळीचा कडू वास त्यांच्या श्वासाला यायचा. मी तेव्हा अहेरीत वार्ताहर होतो, मला तापाच्या बातम्या कराव्या लागत. बातम्यांचं पाकीट चंद्रपूरच्या एसटीत चालकाजवळ द्यायचं. दुसऱ्या दिवशीचा पेपर दुपारी यायचा. त्यात पाठवलेल्यापैकी काय छापलं, ते तेव्हा समजायचं.

शबाना अहेरीचीच. बाजारचौकात तिच्या अब्बांचं शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचं दुकान. ती नागपूरला शिकली, तिथेच संशोधनाला लागली, आणि पावसाळ्यात परत अहेरीला आली ती रक्त गोळा करायला. रुग्णालयाच्या तपासणी खोलीत तिला एक टेबल आणि नळ्या गरागरा फिरवणारं यंत्र वापरायची परवानगी मिळाली होती. कशासाठी चाललंय हे, असं विचारल्यावर तिने न कंटाळता समजावलं.

मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, म्हणून तिच्यातून कुठला हुकूम सुटत नाही. हुकूम सुटतात पांढऱ्या पेशींतून. त्या जंतूंना गिळतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिने एक दाखवली. जांभळ्या रंगात रंगलेली पेशी, आणि तिच्या पोटात जंतूने मागे टाकलेले काळे कण, तव्यावरच्या काजळीसारखे. अशा पेशीतली काही जनुकं जागी होतात. जनुक स्वतः केंद्रकातून हलत नाही. त्याची नक्कल निघते, म्हणजे संदेश. तो बाहेर येतो आणि त्याच्याबरहुकूम प्रथिन तयार होतं. खरं काम प्रथिन करतं.

"म्हणजे संदेश मोजला की प्रथिन किती ते कळलं," मी म्हणालो.

"सगळे असंच धरून चालतात," ती म्हणाली. "तुम्ही पाठवलेली प्रत्येक बातमी छापून येते का?"

तिला नेमकं तेच पाहायचं होतं. आजारी माणसाचं रक्त दोन नळ्यांत घ्यायचं. एका नळीत प्रथिनं मोजायची, दुसऱ्या नळीत संदेश, आणि दोन्ही शेजारी ठेवायची. एक जनुक तिने खास लक्षात ठेवलं होतं. त्याच्यापासून होणारं प्रथिन इतर पेशींना मदतीला बोलावतं. तिच्या पहिल्या काही जोड्यांत या जनुकाचा संदेश भरपूर होता आणि प्रथिन जवळपास नव्हतंच. बोलावणं लिहिलेलं होतं, गेलं नव्हतं. हे खरं ठरलं तर तिच्या हाती सांगण्यासारखं काही होतं. खरं नसेल तर विद्यावेतनाचं शेवटचं वर्ष फुकट गेलं.

संदेश फार नाजूक असतो. रक्त अंगाबाहेर आलं की तो तुटायला लागतो. त्याला लगेच गोठवावं लागतं, साध्या बर्फाने भागत नाही. अहेरीत इतकी थंडी एकाच ठिकाणी होती. गुरांच्या दवाखान्यात, जिथे कृत्रिम रेतनासाठी वळूंचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तिथल्या कर्मचाऱ्याने तिला टाकीत जागा दिली, पण बजावल्याशिवाय नाही.

"पाहा बाई, तुमच्या नळ्या आमच्या नळ्यांत मिसळू नका. नाईतं एखाद्या गाईले तापाचं वासरू होईन."

नागपूरला जाताना ती नायट्रोजनचा छोटा डबा अब्बांच्या दुकानातल्या दोरीने एसटीच्या सीटला बांधायची. रस्त्यात खड्डा आला की झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ निघायची. एकदा आलापल्लीच्या पुढे कंडक्टर तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"बाई, या डब्यात का जाळून राह्यल्या?"

"जाळत नाई भाऊ. थंड हाय ते."

"थंड हाय तं धूर काऊन येते?"

"लय थंड हाय म्हणून."

कंडक्टरने झाकणाच्या फटीला बोट लावून पाहिलं, झटका बसल्यासारखं मागे घेतलं आणि पुढे जाऊन चालकाला म्हणाला, "हळू घे जी. मागं हिमालय बसला हाय." त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग फुलला होता. सागाचा फुलोरा पावसात भिजला की पिवळट फेसासारखा दिसतो. शबानाला तो कधी दिसला नसावा. ती सगळा वेळ डब्याकडे बघत बसायची.

त्या हिवाळ्यात तिची नळ्यांची तपासणी चालली. काचेच्या पट्टीवर हजारो ठिपके असतात, एकेका जनुकाचा एकेक. ज्याचा संदेश रक्तात असेल त्याचा ठिपका उजळतो. जानकीच्या पट्टीवर तिला तापाची जनुकं पाहायची होती, ती तिने पाहिली. मग बाकीच्या ठिपक्यांवरूनही नजर फिरवली, ज्यांची तिला गरज नव्हती. त्यात एक ठिपका उजळलेला होता. ते जनुक फक्त पुरुषांत असतं. बाईच्या रक्तात तो ठिपका काळा राहायला हवा.

आधी तिने स्वतःवर संशय घेतला. नळीत उरलेल्या नमुन्यातून पुन्हा सुरुवात केली. ठिपका पुन्हा उजळला. मग सगळ्या बायकांच्या पट्ट्या काढून तेवढा एक ठिपका बघितला. आणखी काही ठिकाणी तो उजळलेला होता. चूक प्रयोगशाळेत झालेली नव्हती.

ती अहेरीला आली तेव्हा मोहाची फुलं पडत होती. गावाबाहेर झाडांखालची जमीन बायकांनी झाडून ठेवली होती आणि हवेत तो गोड, जड वास होता. रुग्णालय रिकामं होतं. ताप नसला की तिथे वेगळीच शांतता असते, नळाचं पाणी टपकलेलं ऐकू येतं. तपासणी खोलीत वसंतभाऊ चहा पीत होते. ते तिथले तंत्रज्ञ. सुई इतकी हलकी टोचायचे की पोरं रडायची विसरायची. पावसाळ्यात रक्त त्यांनीच काढलं होतं. शबाना तेव्हा आतल्या खोलीत यंत्रापाशी असायची.

"वसंतभाऊ, जानकीबाईची दुसरी नळी कोणाची होती?"

"जानकीबाईचीच जी."

"नाई भाऊ. गडीमाणसाची हाय."

वसंतभाऊंनी कप खाली ठेवला. "तुमाले रक्तावरून कळते?"

"कळते."

"बाप्पा! मंग तिच्या नवऱ्याची असन." आणि त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नाही. "ते बाई पांढरीफक पडली होती. एक नळी काढली तं डोळे फिरवले तिनं. दुसरी काढाले गेलो तं नवऱ्यानं बाही वर केली. म्हने, माहं घ्या, तिच्यात का ठेवलं हाय आता. मी त्याले नाई कसं म्हणू?"

"मी सांगितलं होतं ना भाऊ, दोन्ही नळ्या एकाच माणसाच्या पाह्यजे."

"एकाच घरच्या तं हाय! एका गंजातलं खाते, एकाच डबऱ्याचे मच्छर चावते त्याहिले."

"नवरा-बायकोचं रक्त एक नसते भाऊ."

"तुमचं लगन नाई झालं अजून, म्हणून तुमाले तसं वाटते."

ती हसली. मग तिने विचारलं, असं आणखी कोणाकोणाचं झालं. वसंतभाऊंनी कप उचलून उरलेला चहा संपवला. जे जे अशक्त होते त्यांचं झालं असणार, असं म्हणाले. सासूच्या जागी सुनेने हात दिला होता. एका पोरीच्या जागी तिच्या मायने. नावं आठवत नव्हती. त्यांच्या लेखी त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतंच. रुग्णालयात रक्त लागलं की घरचे देतात. शबानाला रक्त लागलं आणि घरच्यांनी दिलं.

या मुलखात आजारी माणूस एकटा दवाखान्यात येत नाही. बैलबंडीतून येतो तो घर घेऊन. एक जण कपाळावर पाण्याची पट्टी ठेवतो, एक औषधाच्या रांगेत उभा राहतो, एक नुसता पायाशी बसतो. आजाराचं जेवढं काही वाटून घेता येईल तेवढं ही माणसं वाटून घेतात. ताप वाटून घेता येत नाही. सुई घेता येते. ती त्यांनी घेतली होती. त्यामुळे शबानाच्या जोड्यांत संदेश नवऱ्याचा आणि प्रथिन बायकोचं, असं झालं होतं. तिला सापडलेला फरक पेशीच्या आतला होता की दोन माणसांमधला, हे आता कोणाला सांगता येणार नव्हतं.

तिने ते मार्गदर्शकांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं, आणि प्रबंध तपासणाऱ्यांपैकी कोणी तो ठिपका पाहिला असता असंही नाही. मार्गदर्शकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि व्यवहाराचा मार्ग सुचवला. ज्या जोड्यांत अदलाबदल सिद्ध होते त्या काढून टाकायच्या. बाकीच्या ठेवायच्या. तेवढ्यावर काम होईल.

"सर, सासूच्या जागी सून असेल तर तो ठिपका काहीच बोलत नाही," ती म्हणाली. "नवऱ्याच्या जागी भाऊ असेल तरी नाही. उरलेल्यांत खऱ्या जोड्या आहेत, पण कुठल्या, ते मला माहीत नाही."

"मग काय करणार आहेस?"

"सगळ्या काढते."

वर्तमानपत्रात चूक सापडली की तेवढी ओळ दुरुस्त करतात आणि उरलेली बातमी उभी ठेवतात. मी आयुष्यभर तसंच केलं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही होतं. एका ओळीवरून पूर्ण पान मागे घेणारं माणूस मी तेव्हाच पाहिलं. तिच्या बोलण्यात त्याबद्दल त्रागा नव्हता. वसंतभाऊंचं नाव तिने नागपुरात घेतलं नाही. चूक आपल्या पद्धतीत होती असं सांगितलं. दोन नळ्या का लागतात हे रक्त देणाऱ्याला सांगितलंच नव्हतं, असं तिचं म्हणणं होतं. फक्त किती लागतात ते सांगितलं होतं.

घरी कळलं तेव्हा अब्बा एका यंत्राला तेल देत होते.

"सब फेंक दिया?"

"सब, अब्बा."

"डिब्बा तो नहीं फेंका ना? मेरी रस्सी है उसमें."

"रस्सी है."

"फिर ठीक है," ते म्हणाले आणि यंत्राचं चाक हाताने फिरवून पाहू लागले. त्यानंतर कितीतरी वेळ ते चाक फिरवत होते. यंत्र केव्हाच नीट झालं होतं.

विद्यावेतन थांबलं. मुदत वाढवून मिळाली, पैशांशिवाय. ती चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. उन्हाळ्यात चंद्रपूरची हवा भट्टीतून निघाल्यासारखी असते, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि कोळशाची बारीक काळी धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. त्या उन्हाळ्यात तिने संशोधनाचा आराखडा नव्याने लिहिला आणि त्याला नव्याने मंजुरी मिळवली. मी तो वाचायला मागितला. त्यातला बदल एका परिच्छेदाचा होता. मला तो अजून तोंडपाठ सांगता येईल.

पहिला भाग सरळ होता. दोन नळ्यांसाठी दोनदा टोचायचं नाही. एका सुईने दोन्ही भरायच्या, आणि दोन्ही मिळून पूर्वीच्या एका नळीपेक्षा कमी रक्त घ्यायचं. शबाना स्वतः शेजारी बसणार. दुसरा भाग वेगळा होता. जो नातेवाईक हात पुढे करेल त्याला परत पाठवायचं नाही. त्याच्याही दोन नळ्या घ्यायच्या, त्याच्या नावाने. त्याला ताप नसेल आणि जंतू नसतील तर तो तुलनेसाठी निरोगी माणूस. त्याच घरातला, तेच खाणारा, त्याच डबक्याच्या डासांमध्ये राहणारा. आजारी माणसाशी ताडून पाहायला याहून चांगला निरोगी माणूस मिळणं कठीण. वसंतभाऊंनी चहा पिताना जे कारण म्हणून सांगितलं होतं, ते आता आराखड्यात पद्धत म्हणून आलं होतं. माणसांची सवय मोडण्याऐवजी तिने प्रयोगात त्या सवयीला जागा करून दिली.

पुढच्या सप्टेंबरात धान निसवला आणि ताप आला. व्हरांड्यात पुन्हा घोंगड्या दिसू लागल्या. शबाना आता आतल्या खोलीत नसायची, चटईवर रुग्णाजवळ मांडी घालून बसलेली असायची. प्रत्येकाला तेच सांगायची. या नळीत तुमच्या पेशीनं काय ठरवलं ते दिसते. या नळीत तिनं खरंच काय केलं ते दिसते. ठरवणारा एक आणि करणारा दुसरा असला तर मले काहीच कळत नाई. म्हातारे माना डोलवायचे. एक जण म्हणाला, "हे तं आमच्या पोराले लावून पाहा. ठरवते लय." व्हरांडा हसला. कुडकुडणारी माणसंही हसली.

जानकी आली ती चालत. ताप या वेळी तिच्या नवऱ्याला होता, मारोतीला. दोघं भावाच्या बंडीतून आले होते, पण फाटकाशी उतरून जानकी पुढे आली आणि मारोतीला भावाने खांद्यावर धरून आणलं. ती अंगाने सावरली होती. हातात नव्या बांगड्या होत्या. वसंतभाऊंनी मारोतीच्या दंडाला रबरी नळी बांधली, तेवढ्यात तिने पदर खोचून आपला हात मध्ये घातला.

"याचं राहू द्या. माहं घ्या. मागच्या साली यानं माह्या जागी देल्लं, आता मी याच्या जागी देतो."

मारोती डोळे न उघडता म्हणाला, "हिले सांगा कोणी, मी मेलो नाई अजून."

"मरशीन कसा, बंडीचं भाडं कोण देईन तुह्या भावाले?"

वसंतभाऊ शबानाकडे बघू लागले. शबानाने जानकीचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"याच्या जागी नाई बाई. याच्या संग दे. आधी याचं, मंग तुहं."

"दोघांचंबी पाह्यजे?"

"दोघांचंबी. तुहं नसन तं याचं वाचता येत नाई."

जानकीने बांगड्या कोपराकडे सरकवल्या. वसंतभाऊंनी मारोतीचं रक्त घेतलं, दोन नळ्या. नंतर जानकीचं, दोन नळ्या. शबानाने चारही नळ्यांवर तिथेच नावं घातली आणि ती वाचून दाखवली. बाहेर पावसाची बारीक सर येऊन गेली होती, आणि भिजलेल्या बैलांच्या अंगाचा वास व्हरांड्यापर्यंत येत होता. मारोतीला आत नेऊन सलाईन लावलं. जानकी त्याच्या पायाशी बसली, सुई टोचलेल्या जागी कापूस दाबून धरत. त्या आठवड्याच्या अखेरीस तो चालत घरी गेला.

त्या काळातल्या तापाच्या बऱ्याच बातम्या मी केल्या. त्या शोधायला गेलं तर जुन्या फायलींत सापडतील. ही बातमी मी पाठवली नव्हती. पाठवण्यासारखं तेव्हा काही निश्चित झालेलं नव्हतं. एक तरुण बाई तेच काम दुसऱ्यांदा करत होती, एवढंच होतं. आता पोटरीतला धान पाहिला की वाटतं, त्या हंगामात मी पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच असावी. मोठी गोष्ट घडताना दिसते अशीच. चटईवर बसलेली, नळीवर नाव घालणारी.

हिवाळ्यात शबानाने नागपुरात नळ्या तपासल्या. सगळ्यात आधी तिने तो एक ठिपका पाहिला. बायकांच्या पट्ट्यांवर तो काळा होता, जानकीच्याही. पुरुषांच्या पट्ट्यांवर उजळलेला होता. मग तिने इतर पेशींना बोलावणाऱ्या जनुकाकडे पाहिलं. मार्गदर्शकांनी वेगळ्या माणसाकडून, नळ्यांवरची नावं झाकून, तीच मोजणी परत करून घेतली. दोन्ही मोजण्या जुळल्या.

प्रबंध दोन वर्षांनी मान्य झाला. त्यातल्या मुख्य तक्त्यात पहिल्या हंगामातली एकही जोडी नाही. दुसऱ्या हंगामातल्या आजारी माणसांत मदतीला बोलावणाऱ्या त्या जनुकाचा संदेश घरच्या निरोगी माणसांपेक्षा कितीतरी वाढलेला आहे. प्रथिन मात्र दोघांत सारखंच आहे. बोलावणं लिहिलेलं आहे, गेलेलं नाही.